लाल डिझेल, जुने ट्रक आणि रस्त्याचा कर : अमेरिकेतील रंगीत इंधनाचा इतिहास

प्रस्तावना :

करप्रशासनाच्या इतिहासात कायद्याच्या कलमांइतकेच महत्त्व करवसुलीच्या साधनांना असते. अमेरिकेत रस्त्याबाहेरील वापराच्या डिझेलला देण्यात येणारा लाल रंग हे असेच एक साधन होय. शेती, बांधकामाची यंत्रे, जनित्रे यांसाठीचे हे डिझेल रस्ते-करातून मुक्त असते. ते जुन्या डिझेल ट्रकमध्ये सहज जळते आणि स्वस्तही पडते. तथापि असा ट्रक सार्वजनिक रस्त्यावर चालविणे हा दंडनीय अपराध ठरतो. इंजिनाला चालणारे इंधन कायद्याला का चालत नाही, या प्रश्नाच्या अनुषंगाने प्रस्तुत लेखात रंगीत डिझेलच्या इतिहासाचा आढावा घेतला आहे.

कराची पार्श्वभूमी :

इंधनावरील कर ही मुळात राज्यांची कल्पना होती. १९१९ मध्ये ओरेगॉन राज्याने पेट्रोलवर पहिला कर बसविला. संघराज्य सरकारने १९३२ मध्ये पेट्रोलवर आणि १९५१ मध्ये डिझेलवर, गॅलनला २ सेंट या दराने, कर लागू केला. १९५६ मध्ये महामार्ग निधी स्थापन झाल्यावर या कराला निश्चित प्रयोजन लाभले. जो रस्ता वापरतो त्याने रस्त्याचा खर्च द्यावा, हे त्यामागील तत्त्व होते. साहजिकच, शेतात फिरणारा ट्रॅक्टर आणि घर तापविण्याचे तेल यांच्यावर हा भार टाकणे अन्यायाचे ठरले असते.

अडचण अशी की, घर तापविण्याचे तेल आणि डिझेल हे रासायनिक दृष्ट्या जवळजवळ एकच इंधन आहे. डिझेलवरील कर १९८४ मध्ये १५ सेंटवर आणि १९९३ मध्ये २४.४ सेंटवर गेला, तसतसा करमुक्त तेल रस्त्यावरील वाहनांसाठी विकण्याचा मोह वाढत गेला. कागदोपत्री कंपन्यांची साखळी उभी करून माल हातोहात फिरवायचा आणि कर भरण्याची वेळ येताच त्यांतील एक कंपनी नाहीशी करायची, अशा पद्धतीने १९८० च्या दशकात न्यूयॉर्क व न्यूजर्सी परिसरात संघटित गुन्हेगारांनी इंधनकराची मोठी लूट केली.

रंगाचा अवलंब :

१९९३ च्या अर्थसंकल्पीय कायद्याने यावर दुहेरी उपाय योजला. कराची आकारणी तेलसाठ्यातून टँकर भरला जातो त्या टप्प्यावर आणण्यात आली आणि करमुक्त डिझेल रंगविणे १ जानेवारी १९९४ पासून आवश्यक झाले. त्याआधीच, १ ऑक्टोबर १९९३ पासून, पर्यावरण संरक्षण संस्थेने अधिक गंधकाचे डिझेल वेगळे ओळखू यावे म्हणून निळा रंग विहित केला होता. परंतु विमानांचे एक पेट्रोल निळेच असल्याने घोटाळ्याची भीती निर्माण झाली आणि अखेरीस लाल रंग मान्य झाला. नियमभंगास १००० डॉलर किंवा गॅलनमागे १० डॉलर, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तितका दंड ठेवण्यात आला.

या उपायाचा परिणाम बोलका होता. जस्टिन मॅरियन आणि एरिक म्यूलेगर या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, या बदलानंतर करपात्र डिझेलची विक्री २६ टक्क्यांनी वाढली आणि घर तापविण्याच्या तेलाची विक्री जवळपास तितक्याच प्रमाणात घटली. याचा अर्थ, त्यापूर्वी घरांच्या नावावर विकले जाणारे बरेचसे तेल प्रत्यक्षात रस्त्यावर जळत होते.

जुन्या ट्रकचा प्रश्न :

१९८० व १९९० च्या दशकांतील यांत्रिक पंपाच्या इंजिनांना, उदाहरणार्थ १९८९ पासून डॉज ट्रकमध्ये बसविलेल्या कमिन्स इंजिनाला, रंगाचा वा अधिक गंधकाचा तत्काळ अपाय होत नव्हता. २००७ नंतरच्या काजळी-गाळणी असलेल्या वाहनांना मात्र अधिक गंधकाचे इंधन घातक होते. पुढे हा भेदही मावळला. रस्त्यावरील डिझेलसाठी २००६ पासून आणि रस्त्याबाहेरील बहुतेक यंत्रांच्या डिझेलसाठी २०१० पासून गंधकाची मर्यादा दशलक्षात १५ भाग इतकी खाली आली. तेव्हापासून दोन डिझेलांतील मुख्य फरक रंगाचा आणि कराचा उरला.

हा फरक तांत्रिक नसून करविषयक आहे, याची साक्ष आपत्तीच्या काळातही मिळते. २००५ मध्ये कतरिना वादळानंतर टंचाई निर्माण झाली, तेव्हा करखात्याने कर भरण्याच्या अटीवर रंगीत डिझेल रस्त्यावर वापरण्यास तात्पुरती मुभा दिली. शालेय बस आणि स्थानिक शासनाची वाहने यांना तर ते एरवीही चालते. म्हणून ‘इंजिनाला चालते’ हा जुन्या ट्रकच्या मालकाचा युक्तिवाद खरा असूनही गैरलागू ठरतो. शेत आणि बाजार यांमध्ये एकच ट्रक फिरविणाऱ्या लहान शेतकऱ्याची यात अडचण होते, हे नाकारता येत नाही. परंतु त्याने चुकविलेल्या कराचा भार अखेर इतर रस्ता वापरणाऱ्यांवरच पडतो.

महाराष्ट्राच्या संदर्भात :

भारतात शिधावाटपाचे स्वस्त रॉकेल निळे रंगविले जात असे. तरीही डिझेलमधील त्याची भेसळ थांबली नाही. २००६ मध्ये सुरू झालेली रासायनिक खूणद्रव्याची योजनाही फार काळ टिकली नाही. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ तेल-भेसळीची पाहणी करणारे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. रंग भेसळ उघड करू शकतो. ती रोखणाऱ्या माणसाचे रक्षण करू शकत नाही.

निष्कर्ष :

अमेरिकेतील अनुभवावरून असे दिसते की, रंगाचे यश एकट्या रंगाचे नव्हते. वसुलीचा बदललेला टप्पा, रस्त्यावरील टाकीतपासणी आणि निश्चित दंड यांची त्याला जोड होती. त्याच वेळी ही व्यवस्था अपुरीही ठरली. २४.४ सेंटचा दर १९९३ पासून बदललेला नाही आणि २००८ पासून महामार्ग निधीला सर्वसाधारण तिजोरीतून वारंवार मदत द्यावी लागली आहे. चोरी रोखण्याचे साधन सापडले, तरी रस्त्याचा खर्च कोणी व किती द्यावा, हा मूळ प्रश्न राजकीय निर्णयाचाच राहतो.