टॅरंटुलाने कात टाकली. आता पंधरा दिवस हात लावू नका

इच्छापोर (सुरत) : पाळलेला टॅरंटुला डब्यात उताणा पडलेला दिसला की घरातले घाबरून म्हणतात, "गेला वाटतं!" बहुतेक वेळा तो मेलेला नसतो, कात टाकत असतो. मरणारा कोळी सहसा पालथाच असतो आणि पाय अंगाखाली दुमडून घेतो. हा फरक माहीत नसल्याने उताण्या कोळ्याला काडीने हलवून बघतात आणि तिथेच जनावर हातचं जातं.

कोळ्याच्या अंगात हाडं नसतात, बाहेरचं कवच हाच त्याचा सांगाडा. ते वाढत नाही म्हणून टाकावं लागतं. पिल्लं वर्षातून अनेकदा, तर मोठी मादी साधारण वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी वेळा कात टाकते. अर्ध्या तासात उरकतं, कधी दिवस जातो. कातीबरोबर सुळ्यांचं आवरण आणि जठराचं आतलं अस्तरही निघतं.

त्यामुळे बाहेर आलेला कोळी खाऊच शकत नाही. नवे सुळे आधी पांढरे, मग लालसर आणि शेवटी काळे होतात. काळे झाल्याशिवाय खाणं नाही. पिल्लाला चार-पाच दिवस, मध्यम कोळ्याला आठवडा, मोठ्याला दहा ते पंधरा दिवस लागतात. पण कॅलेंडर नको, सुळे बघा. सगळ्यात मोठी चूक म्हणजे 'दमला असेल बिचारा' म्हणून रातकिडा सोडणं. मऊ पडलेल्या कोळ्याला रातकिडाच कुरतडून मारतो. कोळ्याने खाणं सोडलं, पोट काळसर झालं, जाळ्याची चटई विणली, की डब्यातली शिकार तेव्हाच काढून घ्यावी.

खाणं बंद, पाणी मात्र हवंच. उथळ वाटी भरलेली ठेवा. इच्छापोरला खाडी-समुद्राची हवा. पावसाळ्यात ती आधीच दमट, रोज फवारा मारला तर बुरशी आणि बारीक किडे होतात. झाकणाला भोकं असली की पुरे. धुळे-नंदुरबारकडे मे महिन्यात, किंवा एसीच्या खोलीत कुठेही, उलटं करा : कोकोपीटचा एक कोपरा ओला ठेवा. पोट सुरकुतलेलं दिसलं तर पाण्याची वाटी जवळ सरकवा. पायाला कात अडकली तर ओढू नका. मऊ ब्रशने त्या जागी पाण्याचा थेंब लावून थांबा. तुटलेला पाय पुढच्या एक-दोन कातींत परत येतो.

डासांचं लिक्विड, झुरळांचा स्प्रे, गल्लीतलं फॉगिंग हे सगळं कोळ्यालाही विषच. फॉगिंगच्या दिवशी डबा आतल्या खोलीत न्यावा. लाल मुंग्यांवरही लक्ष असू द्या.

कात फेकू नका. साबणाच्या पाण्यात भिजवून पोटाकडचा भाग आतून पाहिला तर नर की मादी ते कळतं. अमेरिकी जातींच्या कातीवर खाजरे केस असतात, हातमोजे घाला.

आणखी एक गोष्ट, राज्य कुठलंही असो : आपल्याकडचे पोइसिलोथेरिया आणि मेक्सिकोचे लाल गुडघ्यांचे टॅरंटुला आंतरराष्ट्रीय साइट्स कराराच्या परिशिष्ट दोनमध्ये आहेत. अशा प्राण्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर करावी लागते. नवीन आणला तर ३० दिवसांत. रानातला कोळी पकडून आणायचा विचार तर सोडाच.