नाणं कुठं सापडलं?

पायांकडून जन्मलेल्या माणसाला आपल्याकडे पायाळू म्हणतात. अशा माणसाच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीतलं धन दिसतं, ही समजूत कोकणात होती तशीच देशावरही होती. पडक्या वाड्याच्या जोत्यात हंडा पुरलेला आहे अशी कुजबूज झाली, की पायाळूचा शोध सुरू व्हायचा. या वेडापायी झालेले प्रकार इतके भयंकर होते, की २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अमानुष कृत्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला.

आता पायाळूची जागा बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रानं घेतली आहे. लांब दांड्याच्या टोकाला थाळीएवढं वेटोळं असलेला मेटल डिटेक्टर आपण चित्रपटांत पाहिलेला असतो. धातूवरून गेला की तो वाजतो. पण त्याचं वाजणं ढोबळ असतं. ‘इथं कुठंतरी आहे’ एवढंच तो सांगतो. आणि ‘इथं’ म्हणजे वीतभर जागा. तिथं कुदळ घातली तर नाण्याचे दोन तुकडे व्हायचे. म्हणून खड्डा उघडल्यावर दुसरं, लहान यंत्र हाती घेतात. आकारानं जाड गाजराएवढं. त्याला पिनपॉइंटर म्हणतात. मॉलच्या दारात रखवालदार आपल्या अंगावरून पट्टी फिरवतो ना, तिचंच हे धाकटं भावंड. याच्या टोकात तारेचं छोटं वेटोळं असतं. त्यातून सतत दिशा बदलणारा वीजप्रवाह सोडला की जवळच्या धातूत सूक्ष्म प्रवाह उठतात आणि यंत्राला ते कळतात. टोक नाण्याच्या जसजसं जवळ जाईल तशी त्याची पिपाणी घाईला येते. त्याची नजर जेमतेम चार-सहा सेंटीमीटरची. पण खड्ड्याच्या कुठल्या भिंतीत नाणं आहे, की ते आधीच बाहेर काढलेल्या ढेकळात निघून गेलं, हे त्याच्याशिवाय कळत नाही. आणि शेवटी सळई. बोथट टोकाची, लाकडाची किंवा पितळेची, म्हणजे नाण्याला ओरखडा पडू नये. ती मातीत हलकेच, तिरकी सरकवायची आणि हाताला काय लागतं ते ओळखायचं.

या अवजारांचा वंश मोठा गमतीदार आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी शरीरात अडकली. ती कुठं आहे हे डॉक्टरांना सापडेना. न धुतलेली बोटं आणि सळया जखमेत घालून ते ती चाचपत राहिले. तेव्हा टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आपलं विजेचं यंत्र घेऊन धावला. अंगावरून यंत्र फिरवायचं आणि टेलिफोनच्या नळीला कान लावून ऐकायचं, अशी योजना. पण गादीखाली पोलादी स्प्रिंगा होत्या, त्यांनी गोंधळ घातला. शिवाय मुख्य डॉक्टरांनी फक्त उजवी बाजू तपासू दिली. गोळी डावीकडे होती. १९ सप्टेंबरला गारफील्ड गेले, ते गोळीपेक्षा जखम चिघळल्यामुळे, असंच आज मानलं जातं. बेलनं पुढं एक सुई तयार केली. सुई टेलिफोनला जोडलेली. टोक धातूला टेकलं की कानात ‘टक्’ व्हायचं. आजच्या पिनपॉइंटरची ही पणजी म्हणायला हरकत नाही.

पुढची पायरी युद्धाची. पोलिश अधिकारी योझेफ कोसाट्स्की यानं बनवलेलं सुरुंगशोधक यंत्र १९४२ मध्ये एल अलामीनच्या वाळवंटात वापरलं गेलं. यंत्र वाजलं की सैनिक आडवा पडून संगिनीचं टोक वाळूत तिरकं सरकवी; वरून दाबलं तर सुरुंग उडायचा. युद्ध संपल्यावर उरलेली यंत्रं बाजारात आली आणि नाणी शोधण्याचा छंद सुरू झाला. सळई तिरकी धरण्याची रीत छंदिष्टांनीही ठेवली.

आता हे सगळं पनवेलच्या जमिनीवर आणून पाहू. गाढी नदीकाठचं हे बंदर. १८३० मध्ये सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. मुंबईचा माणूस होडीनं पनवेलला उतरायचा आणि इथून गाडीनं किंवा पालखीनं पुण्याच्या वाटेला लागायचा. भात, मीठ यांची उलाढाल मोठी. बैलगाड्यांची चाकं बनवण्यात तर पनवेलचं नाव होतं. १८६३ मध्ये बोरघाटातली रेल्वे पुरी झाली आणि ही वर्दळ कल्याण-कर्जतकडे वळली. इतकी वर्षं जिथं गाडीवान थांबले, हमालांनी मजुरी मोजून घेतली, तिथं कनवटीची शिवराई मातीत पडली नसेल तरच नवल. पण यंत्राला इथं सुख नाही. आपल्या काळ्या कातळाच्या मातीत लोहाचे चुंबकी कण, खाडीकडे खारट चिखल. दोन्हींमुळे यंत्र फसतं. आणि चाकांच्या गावात नाण्याआधी काय सापडणार? धावांचे तुकडे, कुण्या, खिळे!

बरं, शिवराई सापडली तर तिची किंमत काय? एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’. हे तांब्याचं नाणं शिवाजी महाराजांनंतरही पाडलं जात होतं, कंपनी सरकार आल्यावरही ते लोकांच्या हातात फिरत होतं. एकटी शिवराई आपल्याला फारसं काही नवं सांगत नाही. तीच एखाद्या मडक्यात कंपनीच्या पैशांबरोबर सापडली, तर कुठली नाणी एकाच वेळी चालत होती, मालकानं ती साधारण कधी पुरली, हे बोलू लागते. नाण्याची अर्धी भाषा त्याच्या अंगावर असते आणि अर्धी शेजारच्या मातीत. पिनपॉइंटर नाणं शोधून देतो. शेजारची माती वाचणं हे तो हातात धरणाऱ्यावर आहे.

याचा आपल्याकडचा सर्वांत मोठा दाखला नाशिकजवळच्या जोगलटेंभीचा. १९०६ मध्ये तिथं चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला, तेरा हजारांहून अधिक. सगळी क्षत्रप नहपानाची. पनवेलहून घाट चढून गेलं की लागणाऱ्या कार्ल्याच्या लेण्यात ज्याच्या जावयाचा दानलेख आहे, तोच हा नहपान. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नाशिकच्या लेण्यातल्या लेखात गौतमीपुत्रानं क्षहरातांचा वंश निर्मूल केल्याची बढाई आहे. तिला हा चांदीचा पुरावा मिळाला. पण हा पुरावा एका नाण्यात नव्हता. तो संख्येत होता, साठा एकत्र मोजला गेला यात होता. हीच नाणी सोनारांच्या मुशीत आणि दलालांच्या पिशव्यांत पांगली असती, तर दोन राजांची गोष्ट एखाद-दुसऱ्या विचित्र नाण्यावर थांबली असती.

उलट उदाहरण अलीकडचं आहे. पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत बांधकामाच्या खोदाईत मजुरांना सोन्याची नाणी सापडली आणि ती गुपचूप घरी गेली. मार्च २०२१ मध्ये पोलिसांनी २१६ नाणी आणि भांड्याचा एक तुकडा हस्तगत केला. नाणी अठराव्या शतकातली. सोनं मिळालं, हे खरं. पण भांडं कसं बसवलं होतं, जमिनीचा कुठला थर होता, शेजारी काय होतं, हे विचारायला जागाच उरली नाही. मी त्या मजुरांना फार दोष देणार नाही. दिवसाच्या रोजावर घाम गाळणाऱ्याच्या पुढ्यात सोनं पडल्यावर त्यानं थराची नोंद करावी, ही अपेक्षा आपण खुर्चीत बसून करतो. पण आपला कायदा त्याच्या बाजूचाही आहे, हे त्याला कुणी सांगत नाही.

हा १८७८ चा गुप्तनिधी कायदा. दहा रुपयांहून अधिक मोलाचं धन जमिनीत सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवून ते सरकारी तिजोरीत जमा करायचं किंवा त्यासाठी तारण द्यायचं. लपवलं तर वर्षापर्यंत कैद. एवढं पुष्कळांना ठाऊक असतं. पुढचं ठाऊक नसतं: चौकशीत कुणी खरा मालक निघाला नाही आणि वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जागामालकाचा. सरकारनं नाणी ठेवून घ्यायची ठरवली तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. अर्थात यंत्र घेऊन किल्ल्यावर किंवा संरक्षित स्मारकात खणायला जाण्याचा परवाना यातून मिळत नाही. तो सरळ गुन्हा आहे.

इंग्लंडमध्ये हॉक्सन गावी १९९२ मध्ये एरिक लॉस नावाचे गृहस्थ शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा डिटेक्टरनं शोधत होते. निघाली रोमन काळातली सोन्या-चांदीची नाणी. थोडी वर काढल्यावर ते थांबले आणि त्यांनी कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञ आले. मातीत कुजलेल्या लाकडी पेटीची मांडणीसुद्धा त्यांना टिपता आली. सुमारे पंधरा हजार नाणी होती. हातोडाही सापडला, तोही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आणि मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याशी काय झालं? ‘छावा’ चित्रपट नुकताच येऊन गेलेला, महामार्गाच्या कामाची माती शेतात येऊन पडलेली, तिच्यात मोगल नाणी असल्याची आवई उठली. रात्री टॉर्च, चाळण्या आणि डिटेक्टर घेऊन माणसांनी शेतं उकरली. समजा, त्या ढिगात नाणं असलंच, तरी ते मूळ कुठलं? डंपरनं आणलेल्या मातीला पत्ता नसतो.

पनवेलकरांना हे जवळचं वाटावं. डिसेंबर २०२५ पासून शेजारच्या विमानतळावरून विमानं उडू लागली आहेत. त्याआधी इथं टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला, आणि भोवती पाये खणणं अजून चालूच आहे. एका जागचा मुरूम दुसरीकडे भराव म्हणून जातो. तेव्हा जेसीबीच्या दातांत मडक्याचा तुकडा आणि हिरवट चकती दिसली, तर यंत्र तिथंच थांबवून शेजारी पट्टी ठेवून फोटो काढावा, खोली मोजावी, शेजारचं खापरही उचलून न टाकता जागेवर ठेवावं आणि तहसीलदार कचेरीत वर्दी द्यावी. तांब्याचं नाणं घरी नेऊन चिंचेनं तर मुळीच घासू नये. अक्षरं पुष्कळदा त्या हिरव्या थराखालीच शाबूत असतात.