खापरातील मधुकोश

अथेन्सच्या दक्षिणेस, हिमेटस पर्वताच्या टोकाशी वारी हे ठिकाण आहे. या पर्वतावरील मधाची कीर्ती प्राचीन काळापासून सर्वदूर पसरलेली होती. १९६६ मध्ये वारी येथे इसवी सनपूर्व चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातील एका शेतघराचे उत्खनन झाले. भिंतींचे पाये, अंगण, नित्याच्या वापरातील भांडी हे अपेक्षित अवशेष मिळालेच. परंतु त्यांच्यासोबत जाड्याभरड्या मातीच्या मोठ्या भांड्यांची खापरेही हाती आली. त्यांच्या आतील अंगावर फणीने ओढाव्यात तशा रेघा होत्या.

या रेघांनीच अभ्यासकांपुढे कोडे घातले. नक्षी असती तर कुंभाराने ती बाहेरून, डोळ्यांना दिसेल अशी काढली असती. धान्य वा तेल साठवावयाचे तर आतील पृष्ठ गुळगुळीत असणे सोयीचे. शिवाय त्या रेघा सर्वभर नव्हत्या. भांड्याच्या एकाच अंगाला होत्या. उभ्या भांड्यात याची संगती लागत नाही. भांडे आडवे कल्पिले की लागते. रेघांचे अंग वर जाऊन छत होते आणि त्या खरखरीत छताला मधमाश्यांना पोळे घट्ट बांधता येते. सोबत मिळालेली, दोन्ही बाजूंनी उघडी मातीची कडी म्हणजे बहराच्या दिवसांत पेटीची लांबी वाढविण्याची सोय. जोन्स, ग्रॅहम आणि सॅकेट यांनी १९७३ मध्ये हा उलगडा प्रसिद्ध केला. खापरांच्या रासायनिक परीक्षणात मेणाचा अंश आढळला आणि तर्काला पुरावा लाभला.

अशीच अवचित भेट २००७ मध्ये जॉर्डन खोऱ्यातील तेल रेहोव येथे घडली. अमिहाय माझार यांच्या उत्खननात इसवी सनपूर्व दहाव्या-नवव्या शतकांतील नगराच्या ऐन वस्तीत, न भाजलेल्या माती-गवताच्या सुमारे तीस नळकांड्यांच्या ओळी उघड झाल्या. लांबी सुमारे ८० सेंटिमीटर, व्यास ४०. एका टोकास लहान छिद्र, दुसऱ्या टोकास काढता येणारे झाकण. छिद्र माश्यांसाठी, झाकण माणसासाठी. २०१० मध्ये तेथील जळक्या पोळ्यांतील माश्यांचे अवशेष अभ्यासले गेले, तेव्हा त्या आजच्या अनातोलियातील माश्यांशी जुळत्या ठरल्या. त्या दूरवरून आणल्या गेल्या असाव्यात, असे अनुमान निघाले. बायबलमधील ‘दूध-मधाची भूमी’ या वर्णनातील मध म्हणजे खजुराचा पाक, असे अनेक विद्वान मानीत. या शोधाने त्या शब्दाचा अर्थ निश्चित झाला नाही. मात्र त्या भूमीत मधमाश्या पाळल्या जात नव्हत्या, असे म्हणण्यास जागा उरली नाही.

या रचनेशी भारताचाही परिचय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात काश्मीरला गेलेल्या विल्यम मूरक्रॉफ्टच्या प्रवासवृत्तात घरांच्या भिंतींत बसविलेल्या मातीच्या अशाच नळकांड्यांचे वर्णन आहे. माश्यांची वाट घराबाहेर, झाकण घराच्या आत. घरधनी गवताचा धूर देऊन माश्यांना दूर सारी आणि पोळे काढून घेई.

मधाची गोडी कवींनी शतकानुशतके गाइली. तो मध ज्यात साठे ते भांडे मात्र दुर्लक्षितच राहिले. झाकण हरवले की असे नळकांडे पाण्याच्या नळासारखे दिसते, फुटले की सामान्य खापरासारखे. म्हणून वारीचा धडा साधा आहे: खापर हाती आले की त्याची आतली बाजूही पाहावी.