पेटारे आणि पहारेकऱ्याचा डोळा

मुळशी तालुक्यातल्या आमच्या चांदे गावी आग्र्याची सुटका शिकवायची म्हणजे वर्गात दिवाळीच! महाराज पेटाऱ्यात बसले की पोरे टाळ्या पिटतात, आणि एखादा हमखास विचारतो, “गुरुजी, मोगलांचे पहारेकरी आंधळे होते का हो?” आम्हीही इतकी वर्षे हसून ‘होते’ म्हणत आलो. यंदा मात्र ते उत्तर मागे घेतले.

निमित्त झाले वह्यांचे. चाळीस वह्या तपासायच्या होत्या. पहिल्या सात-आठ वह्यांत ‘आशीर्वाद’मधला ‘शी’ ऱ्हस्व. मग पान उघडताच डोळा नेमका त्याच शब्दावर जाऊन पडू लागला. पण एका मुलीने शिवजन्माचे साल १६३० ऐवजी १७३० लिहिले होते, ते मात्र आमच्या लाल पेन्सिलीखालून सुखरूप निसटले! दुसऱ्या दिवशी तिनेच ते आणून दाखवले.

डोळ्याची ही खोड शास्त्रज्ञांनी मोजली आहे. १९९४ साली माल्कोविच आणि नाकायामा या दोघांनी लोकांना वेगळ्या रंगाची एक आकृती हुडकायला लावली. मागच्या खेपेचाच रंग पुन्हा आला की ती चटकन सापडे. रंग पालटला की वेळ लागे. म्हणजे डोळा नुसता पाहत नाही, आत्ताच काय सापडले ते मनात धरून पाहतो. आणि काहीच सापडले नसेल तर? २००५ साली जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रवाशांच्या सामानाच्या तपासणीसारखा प्रयोग केला. निम्म्या चित्रांत हवी ती वस्तू होती, तेव्हा ती शेकडा सात वेळा नजरेतून सुटली. शंभरांत एकाच चित्रात ठेवली, तेव्हा शेकडा तीस वेळा!

आता चला आग्र्याला. १२ मे १६६६ रोजी दरबारात अपमान झाला, आणि पुढे महाराजांच्या मुक्कामाभोवती फुलादखान कोतवालाचा पहारा बसला. दुखण्याचे निमित्त करून मिठाईचे पेटारे बाहेर जाऊ लागले. (महाराज पेटाऱ्यातूनच गेले की वेषांतराने, याबद्दल इतिहासकारांत वाद आहे, आम्ही सभासदाच्या बखरीची हकिकत धरून चाललो आहोत.) पहारेकऱ्यांनी आरंभी पेटारे उघडले. मिठाई. पुन्हा उघडले. पुन्हा मिठाईच. १७ ऑगस्टला त्यांच्यासमोरून पेटारे गेले तेव्हा ते आंधळे नव्हते; त्यांच्या डोळ्यांत कालची मिठाई होती. बिछान्यावर पांघरूण घेऊन हिरोजी फर्जंद निजला होता, बाहेर फक्त कडे घातलेला हात. तेथेही नजरेने कालचेच महाराज पाहिले.

“मग पहारेकऱ्यांनी करायचे तरी काय?” वर्गात प्रश्न आला. आम्ही सांगितले, की विमानतळावरच्या तपासनिसाच्या पडद्यावर मधूनच मुद्दाम खोट्या शस्त्राचे चित्र सोडतात, म्हणजे डोळा सैल पडत नाही. फुलादखानाने एखाद्या पेटाऱ्यात आपलाच शिपाई बसवून पाहायला हवा होता.

१७३० वाली मुलगी लगेच उठून उभी राहिली. “गुरुजी, पुढच्या निबंधात मी मुद्दाम दोन चुका घालून ठेवते!”