पोरकी पिल्ले आणि माणसाची ओंजळ

पुण्याहून साताऱ्याच्या वाटेने निघालेला प्रवासी नीरा नदीचा पूल ओलांडतो आणि सातारा जिल्ह्यात शिरताच त्याला लागते ते शिरवळ. या गावाचे नाव काढले की इतिहासप्रेमी श्रोत्यांस शिवकालातील सुभानमंगळचे ठाणे आठवते, जवळच्या डोंगरातील बौद्ध लेणी आठवतात. परंतु आज आम्ही ज्या इतिहासाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो त्यात लढाया नाहीत, ताम्रपट नाहीत. आई गमावलेल्या मुक्या पिल्लांचा आणि त्यांना ओंजळीत घेणाऱ्या माणसांचा तो इतिहास आहे. शिरवळच्या पंचक्रोशीत तो पूर्वीपासून चालत आलेला आहे आणि आजही चालू आहे.

या इतिहासाच्या वेशीवरच दोन कथा उभ्या आहेत, आणि त्या दोन्ही हरणाच्या पाडसाच्या आहेत. पहिली भागवताच्या पाचव्या स्कंधातील. राज्य सोडून गंडकीतीरी तप करणाऱ्या भरत राजाने सिंहाच्या गर्जनेने भ्यालेली गाभण हरिणी पाहिली. तिने नदी ओलांडण्यासाठी झेप घेतली, पाडस पाण्यात पडले आणि ती स्वतः मेली. भरताने पाडस उचलले, वाढविले, आणि त्याच्यात इतका गुंतला की अंतकाळी त्याचेच चिंतन करीत हरणाच्या जन्मास गेला. दुसरी कथा कालिदासाच्या शाकुंतलातील. जन्मताच आई मेलेले पाडस शकुंतलेने मुठीमुठीने सावा भरवून वाढविले, दर्भाने चिरलेल्या त्याच्या तोंडास तेल लावले. पण सासरी निघताना ते पदर ओढू लागले तेव्हा 'आता बाबा तुझी काळजी घेतील' असे सांगून तिने रडत रडत त्यास माघारी लावले. माया दोघांचीही खरी होती. पण भरताला सोडता आले नाही आणि शकुंतलेला सोडता आले. पोरके पिल्लू वाढविणाऱ्या प्रत्येकाची कसोटी अखेर याच ठिकाणी लागते, असे आम्हांस वाटते.

आता कथेतून प्रत्यक्षात येऊ. शिरवळ ज्या खंडाळा तालुक्यात आहे त्याच तालुक्यातील लोणंदचा शेळ्यामेंढ्यांचा बाजार प्रसिद्ध आहे. मेंढक्याच्या धंद्यात पोरके कोकरू ही नित्याची गोष्ट. मेंढी व्याली की पिल्लाला चाटते, त्याचा वास ओळखते आणि थोड्याच वेळात आपले व परके यांत भेद करू लागते. दुसरीचे कोकरू जवळ आले की ती ढुशी देऊन हाकलते. अशा वेळी शेळी उपयोगी पडते. एकाने शेळी धरावी, दुसऱ्याने कोकराचे तोंड तिच्या सडाला लावावे. नाही तर धार काढून दूध बाटलीने पाजावे. जगभरच्या मेंढपाळांना आणखी एक युक्ती ठाऊक आहे. जिचे कोकरू मेले त्या मेंढीला, त्याच मेलेल्या कोकराचे कातडे पोरक्याच्या अंगावर घालून फसवायचे. वासाला भुलून तिला पान्हा फुटतो.

याच जिल्ह्यातील फलटणला या विद्येस निराळे वळण लागले. दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. सुंदरबनातील गारोळ नावाची लहानखुरी मेंढी मात्र जुळी देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गारोळमधील हा गुण दख्खनी मेंढीत आणून 'सुवर्णा' हा वाण तयार केला. मेंढपाळाच्या पदरी कोकरे अधिक पडली खरी, पण दोघांना एका आईचे दूध पुरेना झाले की एकाच्या तोंडी बाटली द्यावीच लागते. आई जिवंत असूनही एक कोकरू अर्धे पोरके होते, आणि हाताने वाढविण्याचे कसब म्हणजे केवळ भूतदया न राहता संसाराचा हिशेबही होऊन बसते.

हे कसब अनुभवाने जितके शिकता येते तितके माणूस शिकला. पुढचे विज्ञानाने शिकविले. आमच्या लहानपणी वादळात घरटे पडून खारीचे एक पिल्लू अंगणात आले. आम्ही भावंडांनी त्यास उताणे धरून कापसाच्या वातीने गाईचे दूध पाजले. तिसऱ्या दिवशी ते गेले. त्या वेळी आम्हांस वाटले, त्याचे आयुष्यच तेवढे होते. पुढे कळले की आमच्या मायेने एकामागून एक तीन चुका केल्या होत्या. गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. आधी ऊब, मग दूध. उताणे धरून पाजलेले दूध फुप्फुसात जाते. आणि एका जातीचे दूध दुसऱ्या जातीस मानवेलच असे नाही.

त्याहून मोठी गोष्ट आहे ती चिकाची. व्यालेल्या गाईचा चीक म्हणजे आपल्याला खरवस. शेजाऱ्याकडची गाय व्याली की आपण वाटी घेऊन उभे! पण वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी झुंजण्याचे बळ जवळजवळ नसते. गाईच्या वारेतून ते गर्भाकडे जात नाही. ते येते चिकातून, आणि वासराचे आतडे ते जेमतेम पहिले चोवीस तासच आत घेते; त्यातही पहिले काही तास मोलाचे. १८९२ साली पॉल एर्लिक या जर्मन शास्त्रज्ञाने उंदरांवरील प्रयोगांतून आईच्या दुधातून संरक्षण मिळते हे दाखविले. १९२२ साली अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ व राल्फ लिटल यांनी वासरांवर प्रयोग केला. चीक न मिळालेली बहुतेक वासरे दगावली, मिळालेली जगली. तेव्हा वासराच्या वजनाच्या सुमारे दहावा भाग चीक आधी त्याच्या पोटात जावा आणि उरेल त्याचा खरवस व्हावा. आई मेली असेल तर दुसऱ्या नुकत्याच व्यालेल्या गाईचा चीक मिळवावा. खरवसाच्या एका वाटीत एका जिवाचे भवितव्य असते, हे आपण घरोघर सांगितले पाहिजे.

हे ज्ञान खेड्यापर्यंत न्यायचे तर शिकलेले पशुवैद्य हवेत. मुंबईस पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालीच निघाले. पण सातारा-सांगलीच्या शेतकऱ्यास मुंबई दूर. १९८८ साली शिरवळ येथे महाविद्यालय सुरू झाले आणि त्यास पत्री सरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील यांचे नाव देण्यात आले. शेतकऱ्याच्या गोठ्यासाठी लढलेल्या पुरुषाचे नाव गोठ्यातील मुक्या जिवांच्या विद्यालयास लाभावे, यात औचित्य आहे.

येथवर आम्ही पाळीव पिल्लांविषयी बोललो. त्यांना मोठे होऊन माणसातच राहायचे असते. रानच्या पिल्लाचे मात्र तसे नाही. त्यास जगविणे हे अर्धेच काम. १९३५ साली कोन्राड लोरेन्झ यांनी दाखविले की अंड्यातून निघालेले हंसाचे पिल्लू प्रथम ज्यास पाहते त्याच्यामागे आई म्हणून जाते, मग तो दाढीवाला शास्त्रज्ञ का असेना. या संशोधकास १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी आपल्या महाराष्ट्रात, भामरागडच्या जंगलातील हेमलकसा येथे, लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आमटे यांना शिकारीहून परतणारे माडिया भेटले. खांद्यावर मेलेली वानरी आणि तिच्या छातीस बिलगून दूध शोधणारे पिल्लू. माडियांची शिकार पोटासाठी होती, तिला दोष कसा द्यावा? आमट्यांनी तांदूळ व कपडे देऊन ते पिल्लू मागून घेतले. पुढे माडिया आपण होऊन पिल्ले आणून देऊ लागले आणि तेथे बिबटे, अस्वले, हरणे यांचे अनाथालय उभे राहिले. परंतु माणसाच्या हाती वाढलेला बिबट्या रानात परतला तर माणसाला भीत नाही, आणि ते दोघांच्याही जिवावर बेतते. म्हणून त्याला जन्मभर सांभाळावे लागते.

यातूनच पुढची पायरी आली. जुन्नरकडे पाटाच्या पाण्यावर ऊस वाढला आणि बिबट्याची मादी उसातच विऊ लागली. तोडणीच्या वेळी मजुरांना बछडे सापडतात. पूर्वी ती पोरकी समजून उचलली जात. वस्तुतः आई जवळपासच दडलेली असते. आता वन खाते व पशुवैद्य पिल्ले तपासून संध्याकाळी त्याच शेतात खोक्यात ठेवतात आणि दूर होतात. रात्री आई येते व एकेकास तोंडात धरून नेते. जिची वाट पाहून ती आलीच नाही, त्यांच्यासाठी माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही असे पिल्लू परवान्याविना घरी ठेवण्यास मनाई केली आहे.

तेव्हा उद्या आपल्या शेताच्या बांधावर एखादे पिल्लू एकटे दिसले, तर आधी ते खरोखर पोरके आहे की नाही हे दुरून पाहावे, मग वन खात्यास वा पशुवैद्यास कळवावे. भरताची करुणा आपल्या सर्वांपाशी आहेच. पदर सोडवून घेण्याचे शकुंतलेचे धैर्य मात्र आपल्याला अजून शिकायचे आहे.