पाणथळ, चोपण रानात वाळा : लागवड आणि काढणी

उन्हाळ्यात माठात टाकायची सुगंधी मुळ्यांची जुडी म्हणजे वाळा, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. पण वाळा हे आपल्याकडचंच गवत आहे. ओढ्याकाठी, तळ्याच्या कडेला, लवणात ते आपसूक वाढतं आणि ठोंब पुरुषभर उंच होतो.

पाटपाणी जास्त झाल्याने ऊसपट्ट्यातली बरीच रानं चोपण, पाणथळ होऊन पड पडली आहेत. तिथे ऊस पिवळा पडतो, सोयाबीनची मुळं कुजतात. वाळा मात्र एकदा जम बसला की साचलेलं पाणीही सोसतो आणि क्षारही. नवीन लावलेले फुटवे तेवढे जपावे लागतात. ते पाण्यात बुडून राहिले तर कुजतात. म्हणून अशा रानात सरी-वरंबा पाडून वरंब्यावरच लावण करावी.

लावण फुटव्यांची होते. निरोगी ठोंब खणून दोन-तीन फुटव्यांचे तुकडे करावेत, पात वीतभर आणि मुळी चार बोटं ठेवून बाकीचं छाटावं. जून-जुलैत, पाऊस स्थिरावला की लावावं. मुळ्या विकायच्या असतील तर अंतर साधारण 60 बाय 30 सेंटिमीटर. बांध धरून ठेवायचा असेल तर एकाच ओळीत 10 ते 15 सेंटिमीटरवर, म्हणजे वर्ष-दोन वर्षांत दाट कूड तयार होते. पहिले दोन-तीन महिने भांगलण चुकवू नये, नंतर वाळाच तणाला दाबतो.

वाळ्याचे दोन प्रकार आहेत. उत्तर भारतातला बी धरतो, दक्षिणेकडचा सहसा धरत नाही. बांधासाठी दुसराच घ्यावा, नाहीतर गवत रानात पसरायची धास्ती. कर्नाटकात गुंडलुपेटकडचे शेतकरी शेताच्या हद्दीवर पिढ्यान्‌पिढ्या वाळा लावत आले आहेत. तेलासाठी लखनौच्या सीमॅप या केंद्रीय संस्थेने ‘केएस-1’, ‘धारिणी’, ‘केशरी’, ‘गुलाबी’ असे वाण दिले आहेत.

मुळ्या 15 ते 18 महिन्यांनी, हिवाळ्यात खणतात. घाई केली तर मुळी बारीक निघते, तेलही कमी. खरी मेख इथेच आहे. वाळूमिश्रित पोयट्यात मुळ्या सहज सुटतात, चिकट काळ्या रानात तुटतात आणि खणायची मजुरी सगळा नफा खाऊन टाकते. तेल काढायलाही भट्टीवर वाफ बराच वेळ, कधी दिवसभर द्यावी लागते. त्यामुळे जवळपास भट्टी किंवा मुळ्यांचा गिऱ्हाईक आहे का, हे लावणीआधीच बघावं. नसेल तर चार-पाच गुंठ्यांवर अंदाज घ्यावा.

बांधावरचा आणि ओढ्याकाठचा वाळा मात्र मुळीसाठी खणू नये. तिथली माती त्यानेच धरलेली असते, पहिल्याच मोठ्या पावसात काठ ढासळतो. तिथे नुसती पात कापावी. कोवळी असताना गुरं खातात, जून झाली की तोंड लावत नाहीत. ती मग छपराला किंवा आच्छादनाला वापरता येते.