घोडनदीकाठचा मुक्काम

यंदा दिवाळीच्या सुटीत तंबू ठोकायचा तो घोडनदीच्या काठीच, असा माझा हट्ट, आणि "बाबा, तिथं पाहायला काय आहे?" असा मुलांचा सवाल. पुण्याहून अहिल्यानगरकडे निघालेल्या प्रवाशाला शिरूर म्हणजे चहाला थांबण्याचे गाव. जुनी माणसे त्याला घोडनदीच म्हणतात.

दोऱ्या ताणून झाल्या, तीन दगडांच्या चुलीवर पिठले रटरटू लागले, तेव्हा मुलांना म्हटले, "अरे, इथे तंबू ठोकणारे आपण काही पहिले नव्हे."

दुसऱ्या बाजीरावाने 1802 साली वसईचा तह करून इंग्रजांची फौज आपणहून दारात आणली. पुढे शिरूरला तिची छावणी पडली. तिथला कर्नल वॉलेस 1809 साली वारला. असईला 1803 मध्ये शिंदे-भोसल्यांशी लढलेला हा गोरा. पण आसपासचे शेतकरी त्याच्या थडग्याला 'सतपुरुष' म्हणू लागले. सुगी झाली की नव्या धान्याचा नैवेद्य त्याला! ही थाप नव्हे. 1885 च्या पुणे गॅझेटियरात तशी नोंद आहे. आपला शेतकरी देव मानताना जातगोत विचारीत नाही, हेच खरे. माणसाच्या बाबतीत मात्र तो विचारी.

ते आठवले याच छावणीच्या दुसऱ्या हकिकतीमुळे. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन स्टाँटन इथून पुण्याच्या इंग्रजांच्या मदतीला निघाला. पायदळ, स्वार आणि दोन तोफांचे गोलंदाज मिळून सुमारे 800 माणूस. थंडीत रात्रभर चालून तळेगाव ढमढेऱ्याच्या माळावर येतात, तो समोर भीमेपलीकडे पेशव्यांची हजारोंची फौज! कोरेगावात शिरून ते दिवसभर लढले. नदी हाकेवर, पण अंधार पडेपर्यंत पाण्याचा घोट मिळाला नाही. जखमींना घेऊन पलटण 3 जानेवारीला पुन्हा शिरूरला आली.

या शिपायांत महार पुष्कळ होते. कोरेगावच्या स्तंभावर नावे कोरली आहेत. 1 जानेवारी 1927 रोजी डॉ. आंबेडकर तिथे गेले, आणि आज दरवर्षी त्या दिवशी लाखो माणसे जातात.

"म्हणजे ते इंग्रजांकडून लढले?" थोरल्याने भुवया उंचावल्या. शाळेत शिकवलेली पेशवाई त्याच्या डोळ्यांपुढे असावी.

लढले. पण त्यांना परके म्हणायला माझी जीभ वळत नाही. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले, त्यांच्या हाती पलटणीने बंदूक दिली. इंग्रजही काही संत नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यानेच महारांची भरती बंद केली.

थोरला काही बोलला नाही. धाकटी मात्र तांब्या घेऊन उठली आणि म्हणाली, "बाबा, मग रात्री त्यांना पाणी कुणी दिलं?"